नवख्या घोड्यांचा जाणकार

ज्या घोड्याने आयुष्यात एकही शर्यत पळलेली नाही, त्याच्याबद्दल दीड स्तंभ मजकूर लिहिणं ही कला आहे. आमच्या वर्तमानपत्रात ती एकाच माणसाला साधलेली होती. शर्यतींवरचं त्यांचं सदर 'टाप' या सहीने यायचं, म्हणून आम्ही त्यांना टापसाहेब म्हणायचो. माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून. मी हवामान लिहायचो. उद्या काय होणार हे माहीत नसताना ते ठणकावून सांगायचं, हाच आम्हा दोघांचा धंदा. फरक एवढाच, की माझा अंदाज चुकला तर लोक ओले व्हायचे आणि त्यांचा चुकला तर लोकांचे खिसे कोरडे पडायचे.

हंगामाच्या सुरुवातीला दोन वर्षांच्या शिंगरांची छोट्या पल्ल्याची शर्यत असते. सरळ हजार मीटर, मिनिटभराचा मामला. शिंक आवरायला रुमाल काढलात तर एकदम निकालच बघायला मिळतो. यातल्या एकाही प्राण्याने आधी शर्यत पळलेली नसते. गर्दी म्हणजे काय, लोखंडी फाटकात कोंडून का घेतात, फाटक उघडल्यावर सगळे एकाच दिशेला का पळत सुटतात, यातलं त्यांना ओ की ठो माहीत नसतं. माणसांत मोजायचं तर ही बालवाडी. आणि टापसाहेब लिहायचे, 'क्रमांक तीनची मानसिकता भक्कम आहे. क्रमांक पाचला अंतिम टप्प्यात संयम दाखवावा लागेल.' ही मानसिकता त्यांना कुठे भेटली, कोण जाणे. घोडा तर भेटला नव्हता.

खरंच नव्हता. घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये म्हणतात. टापसाहेब हे दोन्ही नियम कसोशीने पाळत आणि वर घोड्याच्या पुढूनही जात नसत. मैदानाच्या वरच्या मजल्यावर पत्रकारांची काचेची खोली होती. तिथून दुर्बिणीत दिसेल तेवढाच घोड्याशी संबंध. आधी ते 'हरवले-सापडले' हे सदर सांभाळायचे. शर्यतींवर लिहिणारे आधीचे गृहस्थ एके दिवशी पत्ता न ठेवता गावातून गेले, तेव्हा त्या वेळच्या संपादकांनी यांना बोलावलं.

"घोड्यांची भीती वाटते का?"

"वाटते," टापसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

"उत्तम. मग त्यांच्या मागे लागून बिघडणार नाही तुम्ही."

अशी नेमणूक झाली.

नवख्या शिंगरांबद्दल लिहायची त्यांची पद्धत सोपी होती. आधी आईबाप बघायचे. खाण तशी माती, या म्हणीवर त्यांनी कित्येक हंगाम काढले. मग ट्रेनर कोण ते बघायचं. तेवढ्यानेही निवाडा होईना तर घोड्याचं नाव दोनतीनदा मोठ्याने म्हणून बघायचं आणि जे दमदार वाटेल ते उचलायचं. माझ्या कानाशी सकाळपासून 'वज्रनाद... वज्रनाद... नाही, रणवेग' असं चालू असायचं आणि माझ्या हातून 'दक्षिणेकडून रणवेगाने वारे' असं लिहिलं जायचं.

घरी वहिनी होत्या. टापसाहेबांच्या पत्नी, बालवाडीच्या बाई. संध्याकाळी हे त्यांना मजकूर वाचून दाखवत आणि त्या मुलांनी चिकटवलेल्या कागदी माशांच्या शेपट्या सरळ करत ऐकत.

"अहो," त्या एकदा म्हणाल्या, "पहिल्या दिवशी वर्गात कोण रडणार, हे मला आजवर आधी कळलेलं नाही. तुम्हाला घोड्यांचं कसं कळतं?"

"अभ्यास असतो."

"कसला?"

"आईवडिलांचा."

"आईवडील मलाही भेटतात. सगळ्यांचं एकच म्हणणं, आमचं बाळ मुळीच रडत नाही."

टापसाहेबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. बायकोला शर्यतीतलं कळत नाही, ही त्यांची मोठी सोय होती.

सगळं असं सुरळीत चालू असताना नवे संपादक आले. तोवर टापसाहेब एका शर्यतीत चार घोडे 'विचारात घ्यावेत' असं सुचवायचे, दोन 'धक्का देऊ शकतात' म्हणायचे आणि उरलेल्यांतल्या एकाकडे 'दुर्लक्ष करून चालणार नाही' अशी ताकीद द्यायचे. आठ घोड्यांच्या शर्यतीत सात जण असे सांभाळून घेतल्यावर माणूस चुकणार कसा? तरीही दोनतीनदा आठवा जिंकला होता. नवे संपादक म्हणाले, "हे असलं मोघम नको. शर्यत एक, नाव एक."

टापसाहेबांचा चेहरा पाहून मी त्यांना पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी हंगामातली पहिली शिंगरांची शर्यत होती. त्यांनी घाईघाईने वंशावळ उघडली आणि एका भुऱ्या घोडीवर त्यांचं बोट थांबलं. तिची आई चंचला! चंचलेने आपल्या काळात मैदान गाजवलेलं. टापसाहेबांनी चंचलेचा वेग, चंचलेचा आवेश, आईच्या पावलावर पाऊल ठेवणारी लेक, असा दीड स्तंभ लिहिला आणि शेवटी एकच नाव ठोकलं. बाकी सगळ्या जाणकारांनी त्या घोडीला शेवटच्या ओळीत टाकलं होतं.

घोडी जिंकली. नुसती जिंकली नाही, दुसऱ्याला इतकं मागे टाकून जिंकली, की छापायला दोघांचा एकत्र फोटो मिळेना.

त्या दिवशी टापसाहेब कचेरीत आले ते चालत आले असं म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान होईल. ते दुडक्या चालीने आले. संपादकांनी त्यांना सगळ्यांसमोर मिठी मारली. तेवढ्यात त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. त्या घोडीच्या ट्रेनरबाई बोलत होत्या. त्यांचा आवाज पहाटे मैदानभर ओरडून कमावलेला, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"साहेब, माझ्या घोडीच्या आईबद्दल फार छान लिहिलंत. वाचून घोडीलाही नवल वाटलं असेल."

"नवल कसलं? चंचलेची लेक ती."

"चंचलेची नाही हो, चंचलची. एका कान्याचा फरक आहे. चंचल माझ्याच तबेल्यात होती. जन्मात एकदा तिसरी आली, तीसुद्धा दोघे पडले म्हणून."

टापसाहेबांनी फोनवर हात ठेवला आणि इकडेतिकडे पाहिलं. मी लगेच ढगांकडे बघायला लागलो.

"मी कुणाला सांगायची नाही," बाई म्हणाल्या. "पण एकदा सकाळी तबेल्याकडे या. ज्यांच्याबद्दल लिहिता, त्यांची निदान ओळख तरी करून घ्या."

ते काही गेले नाहीत. मोठेपणातून सवड कुठली? सदरावर आता त्यांचा फोटो यायला लागला. हनुवटीखाली मूठ आणि नजर दूरवर, म्हणजे प्रत्यक्षात आमच्या जुन्या कपाटाकडे. लोक भेटायला येऊ लागले आणि नवलाची गोष्ट म्हणजे ते घोड्यांबद्दल विचारायचेच असं नाही. घरमालकांनी विचारलं, धाकट्याला चित्रकलेला घालू की नको? खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने नवा कारागीर ठेवण्याआधी त्याला यांच्यासमोर आणून उभा केला. अजून काहीच करून न दाखवलेल्यांचं भविष्य या माणसाला दिसतं, असा बोभाटा झाला होता. टापसाहेब डोळे बारीक करायचे, आईबाप कोण विचारायचे आणि मत द्यायचे. शिंप्याच्या कारागिराला त्यांनी 'खांद्यात दम आहे' म्हणून पास केला. बिचाऱ्याला काज करायला ठेवायचा होता.

इथवर सगळी गंमत होती. मग त्यांची थोरली बहीण आली.

ताईंच्या मुलीने लग्न ठरवलं होतं. मुलगा दंतवैद्य, नुकताच दवाखाना उघडलेला. खुर्ची नवी, दिवा नवा, पाटी नवी आणि रोगी अजून यायचे होते. ताईंना मुलगा वाईट वाटत नव्हता, पण नुसतं 'वाईट वाटत नाही' एवढ्यावर आईचं समाधान होत नसतं.

"तू नवख्यांचं अचूक सांगतोस," ताई म्हणाल्या. "याचं सांग."

"वडील काय करतात?"

"आता निवृत्त. आधी छापखान्यात होते, मग कुठल्याशा दुकानात, मग वाचनालयात."

टापसाहेबांनी मान हलवली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असा त्या हलवण्याचा अर्थ होता. "घराण्यात टिकाव नाही, ताई. सुरुवातीला जोर दाखवेल, पण पल्ला लांबला की धाप लागेल. आणि लग्न म्हणजे काही हजार मीटर नव्हे."

वाक्य झकास होतं. ते त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाही ऐकवलं. ताईंनी मात्र ते घरी जाऊन अमलात आणलं. लग्नाला नकार कळवून मोकळ्या झाल्या.

त्यानंतर भाची आली, ती सरळ कचेरीतच. तिच्या हातात छत्री होती आणि त्या दिवशी माझ्या अंदाजाप्रमाणे लख्ख ऊन असायला हवं होतं. मी छत्रीतून गळणाऱ्या पाण्याकडे पाहिलंच नाही.

"मामा, तू त्याला कधी भेटलास?"

"भेटायची गरज नसते. अभ्यासानं..."

"एकदा तरी पाहिलंस? बोललास? त्याचं नाव तरी माहितीय तुला?"

टापसाहेबांना नाव माहीत नव्हतं. त्यांनी त्याच्या वडिलांच्या नोकऱ्यांपासून विषय सुरू करायचा प्रयत्न केला, पण तिने तो तिथेच तोडला.

"घोड्यांना तरी भेटतोस का?"

टापसाहेबांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. एरवी त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला दीड स्तंभ असायचा. भाची निघून गेली आणि तिच्या छत्रीचं पाणी त्यांच्या टेबलापासून दारापर्यंत सांडत गेलं. त्या ओघळाकडे बघत ते मला म्हणाले, "लहान होती तेव्हा माझ्या पाठीवर बसायची. मी घोडा व्हायचो."

मला हसायला येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ट्रेनरबाईंच्या तबेल्यात गेले. हे सगळं त्यांनीच मला नंतर सांगितलं आणि सांगताना, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, त्यांनी एकही विशेषण वापरलं नाही.

ट्रेनरबाई ठेंगण्या, गमबूट घातलेल्या. त्यांनी 'या' म्हटलं आणि एका काळ्या शिंगराचा लगाम यांच्या हातात देऊन पाण्याचा नळ बंद करायला गेल्या. टापसाहेब लाकडासारखे उभे. त्या आठवड्यात शिंगरांची मोठी शर्यत होती आणि याच काळ्याबद्दल त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, 'पोलादी मनाचा, निर्भय.' तेवढ्यात उन्हाची तिरीप आली. काळ्याला भिंतीवर स्वतःची सावली दिसली आणि पोलादी मनाचा तो निर्भय प्राणी चारही पायांवर थरथर कापत टापसाहेबांच्या मागे लपायला लागला. हत्तीने केरसुणीमागे लपावं तसं. मागे मावेना, तेव्हा त्याने आपलं तोंड त्यांच्या काखेत खुपसलं.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"मीही थरथरत होतो. आम्ही दोघं थरथरत उभे राहिलो."

बाई परत आल्या तेव्हा काळा यांच्या कोटाची बाही चघळत होता. टापसाहेबांनी हळूच विचारलं, "जिंकेल का हा?"

"फाटक उघडल्यावर तो पुढच्या दिशेला पळाला तरी मला पुष्कळ झालं."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?"

"मला माहीत असतं, तर रोज कोंबड्याआधी उठून चिखल तुडवला असता का?"

"आणि चंचलची लेक? ती कशी जिंकली?"

बाईंनी खांदे उडवले. "तिला विचारा. मला वाटतं, पळायला लागली आणि मजा आली तिला."

चघळलेल्या बाहीचा कोट घालूनच टापसाहेब कचेरीत आले, आधीचा मजकूर फाडला आणि नवा लिहिला. मोठ्या शर्यतीचं ते विश्लेषण माझ्याकडे अजून आहे. 'या शर्यतीत आठ शिंगरं आहेत. आजवर यांतलं एकही पळालेलं नाही. कोण जिंकेल ते मला माहीत नाही. आधीही माहीत नसायचं. काळ्या शिंगराला स्वतःच्या सावलीची भीती वाटते. बाकीच्यांना कशाची वाटते ते विचारायचं राहिलं. वाचकांनी जमल्यास त्यांच्याकडे बघावं. दिसायला फार सुंदर असतात.'

संपादकांनी ते दोनदा वाचलं. "हे काय आहे?"

"खरं आहे."

"खरं आहे म्हणून छापायचं?" संपादकांना खराच प्रश्न पडला होता. पण पान छपाईला जायची वेळ झाली होती आणि दुसरा मजकूर नव्हता. खरं छापलं जायला बहुधा एवढंच कारण पुरतं.

टापसाहेबांची कल्पना होती, की आता लोक शिव्या घालतील, फोटो निघेल, सदर जाईल आणि आपण सुटू. पण वाचकाला कमी लेखू नये. शर्यतीच्या सकाळी मैदानाबाहेर टोळक्याटोळक्याने लोक त्या मजकुराचा अर्थ लावत उभे होते. "माहीत नाही म्हणतोय, म्हणजे पक्कं माहीत आहे." "सावलीची भीती वाटते, बरोबर? आता वर बघ. आभाळ भरलंय. सावली पडणार का आज? नाही! म्हणजे काळाच!" एवढं तर्कशुद्ध विश्लेषण टापसाहेबांना उभ्या हयातीत जमलं नव्हतं. सगळ्या मैदानाने काळ्यावर पैसे लावले.

फाटकं उघडली. सात शिंगरं सुटली. काळं तिथेच उभं राहिलं. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, सगळे कुठे गेले असा चेहरा केला आणि मग जॉकीच्या विनवण्यांना मान देऊन, बाजारात निघाल्यासारखं, पुढच्या दिशेला चालू लागलं. पहिला आलेला घोडा खोगीर उतरवून पाणी प्यायला लागला तेव्हा हे निम्म्यावर होतं. ट्रेनरबाई कठड्यावर चढून आनंदाने टाळ्या वाजवत होत्या. संबंध मैदानात त्या एकट्याच.

टापसाहेब जिन्याखाली उभे राहिले, ज्याला शिव्या द्यायच्या त्याने द्याव्यात म्हणून. पहिला जो माणूस आला त्याने त्यांचे दोन्ही हात धरले. "साहेब, चुकलं आमचं. तुम्ही भित्रा आहे म्हणून स्पष्ट लिहिलं होतंत. आम्हीच जास्त शहाणपणा केला." त्याच्या मागून आणखी दहाजण तेच म्हणाले. पुढच्या आठवड्यात संपादकांनी फोटो मोठा केला.

आता ताईंकडे जाणं भाग होतं. "ताई, त्या मुलाबद्दल मी बोललो ते विसर. मला त्यातलं काही कळत नाही."

ताई सावध झाल्या. "इतका नम्रपणा? म्हणजे काहीतरी फारच वाईट कळलंय तुला. माझ्यापासून लपवू नकोस."

"अगं, काही नाही कळलं!"

"बघ, ओरडतोयस." ताईंनी पदराने डोळे टिपले. "कर्जबाजारी आहे का रे? की आधीचं लग्न झालंय?"

नाही म्हणावं तर लपवतोय आणि गप्प बसावं तर कबूल केलं. एकदा जाणकार झालेल्या माणसाला अडाणी होणं किती अवघड आहे, हे त्या दिवशी त्यांना कळलं. ते तिथून उठले आणि पाय नेतील तिकडे गेले. पायांनी त्यांना दंतवैद्याच्या दवाखान्यात नेलं. त्यांची एक दाढ हंगामभर ठणकत होतीच.

दंतवैद्याने त्यांना फोटोवरून लगेच ओळखलं. आपलं लग्न एका वाक्यात मोडणारा माणूस तोंड उघडून समोर बसला आहे आणि आपल्या हातात पक्कड आहे, असा योग फार थोड्यांच्या नशिबी येतो. पण त्या मुलाचे हात थरथरायला लागले. दाढ काढायचा हा त्याचा स्वतःच्या दवाखान्यातला पहिलाच प्रसंग.

"काका, तुम्ही दुसरीकडे गेलात तरी चालेल," तो म्हणाला. "रस्त्याच्या टोकाला चांगले अनुभवी डॉक्टर आहेत."

टापसाहेब त्याच्या हातांकडे बघत राहिले. "घाई करू नकोस," ते म्हणाले. "मला वेळ आहे."

दाढ निघाली. अर्धी आधी, मग उरलेली तुकड्या-तुकड्याने, आणि दर तुकड्याला तो मुलगा माफी मागत होता. टापसाहेब म्हणतात, इतकी माफी त्यांना आयुष्यात कुणी मागितली नव्हती. ते बाहेर पडले तेव्हा गाल टोमॅटोसारखा झाला होता आणि जीभ कुणा दुसऱ्याचीच असावी तशी पडून होती. ते तडक बहिणीकडे गेले.

"हे काय रे?" ताई दचकल्या.

त्यांनी बोटाने दवाखान्याची दिशा दाखवली. बोलायचा प्रयत्न केला, पण तोंडातून फक्त लाळ आली. ताईंनी त्यांना पंख्याखाली बसवलं, रुमाल दिला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"त्याच्याकडे गेला होतास? आपण होऊन?"

मान होकाराने हलली.

"आणि परत जाशील?"

टापसाहेबांनी जरा विचार केला. मग पुन्हा मान हलवली.

"तुझ्यासारखा भित्रा माणूस त्याच्या हातात दाढ देतो," ताई हळूहळू म्हणाल्या, "तर मग मी मुलगी द्यायला काय हरकत आहे?"

"मी काय दाढ आहे का?" आतल्या खोलीतून भाची ओरडली. पण ओरडतानाच ती बाहेरही आली आणि मामाच्या सुजलेल्या गालाला तिने असा काही मुका दिला, की टापसाहेब वेदनेने कळवळले.

लग्न थाटात वगैरे नाही, पण झालं. दवाखाना बरा चालतो म्हणतात. पुढे धाप लागेल की नाही, कोण सांगणार? टापसाहेबांना तरी कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर ते उठून गेले असते. सदर अजून त्यांच्याच नावावर आहे. संपादक सोडत नाहीत. ते आता कमी लिहितात. लोकांना ते फार गूढ वाटतं.

परवा नव्या हंगामातली पहिली शिंगरांची शर्यत होती, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेलो. काचेच्या खोलीत ते बसत नाहीत. खाली, सुटायच्या जागेजवळ, कठड्याला छाती टेकून उभे राहतात. एक लालसर घोडी फाटकात जायला तयार नव्हती, दोन माणसं तिला मागून लोटत होती. मी शेवटी माणूसच. न राहवून विचारलं, "काय वाटतं? कोण येईल?"

"गप्प बसा हो जरा," टापसाहेब म्हणाले. "ती बघा, कान कशी हलवतेय."